माडीवरची फरशी आणि खालची गादी

लाकडावर फरशी बसवू नये, असं मी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो आणि चाळीस वर्षं लाकडावर फरशी बसवत आलो. वर्धा जिल्ह्यात सेलूपासून पार आष्टीपर्यंत ज्यांच्या घरी लाकडी माडी होती आणि नागपूरच्या नातेवाइकांकडची चकचकीत टाइल डोळ्यांत भरलेली होती, त्यांचं बोलावणं मला कधी ना कधी यायचंच. बाकीचे मिस्त्री माडीचं नाव काढलं की हात झटकायचे. त्यामुळे या कामात माझ्याशी स्पर्धा करणारं कोणी उरलं नाही, आणि स्पर्धा नसली की माणसाला आपण फार हुशार आहोत असं वाटायला लागतं. आता गुडघ्यांनी जबाब दिलाय. फरशीवाल्याचे गुडघे डोळ्यांआधी जातात. बसून काय करणार, म्हणून लिहितो आहे.

ज्यांचा जन्म स्लॅबखाली गेला त्यांच्यासाठी माडी काय असते ते आधी सांगतो. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जाड सागवानी मयाली, म्हणजे तुळया, टाकलेल्या असतात. त्यांच्यावर आडव्या, बारीक कड्या. कड्यांवर फळ्या, फळ्यांवर चार-पाच बोटं माती, आणि त्या मातीवर घरातल्या बाया सारवतात. असा मजला शंभर वर्षंही टिकतो. तो चालताना थोडा हलतो, उन्हाळ्यात आक्रसतो, पावसाळ्यात फुगतो, आणि सारवलेल्या मातीला या सगळ्याचं काही वाटत नाही. भेग पडली तर दुसऱ्या दिवशी शेणाचा हात फिरवला की झालं.

फरशीचं तसं नाही. लाकूड वाकतं पण मोडत नाही, फरशी मोडते पण वाकत नाही. अशा दोघांचा संसार मांडून द्यायचा तर मध्ये समजूतदार माणूस लागतो. आमच्या धंद्यात तो माणूस म्हणजे प्लाय आणि सिमेंटचा बोर्ड.

हे मला कोणी शिकवलं नाही, आष्टीनं शिकवलं. तिथं एका भाजी पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या माडीवर मी जमिनीवर टाकतात तसा सरळ दोन इंच रेती-सिमेंटचा माल टाकला आणि वर टाइल बसवली. दिसायला काम असं झालं की गावातले लोक चपला काढून पाहायला वर आले. पण ओल्या मालातलं पाणी फळ्यांनी पिऊन घेतलं, फळ्या फुगल्या, मग वाळल्या आणि आपल्या मूळ मापाला परत गेल्या. टाइल मात्र जिथल्या तिथे अधांतरी राहिली. दोन महिन्यांनी मला बोलावणं आलं. घरच्या काकूंनी वाकून एक टाइल नुसत्या बोटांनी उचलली आणि जेवणाचं ताट द्यावं तशी माझ्या हातात दिली. "घ्या भाऊ, तुमचीच हाय," एवढंच म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी शामराव सुतारांचा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. शामराव सेलूचेच, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे. दिवसभरात वीस शब्द बोलायचे, त्यातले पंधरा लाकडाशी. आमची पद्धत अशी ठरली. आधी सगळी माती खरवडून खाली न्यायची. फळ्या उचलायच्या. मयालीला टोच्यानं टोचून पाहायचं, विशेषतः भिंतीत गेलेलं टोक, कारण उधई, म्हणजे वाळवी, आणि ओल तिथूनच शिरते. दोन कड्यांच्या मधे आडवे ठोकळे घट्ट बसवायचे, म्हणजे एक कडी दबली तर शेजारची मदतीला येते. मग वॉटरप्रूफ प्लाय, तोही स्क्रूनं. खिळा ठोकला तर तो वर्षभरात सैल होऊन कुरकुरतो. प्लायवर सिमेंटचा बोर्ड, त्यावर टाइल चिकटवायचं केमिकल, आणि मग टाइल. चारही बाजूंनी भिंतीपासून बोटभर जागा मोकळी सोडायची, लाकडाला श्वास घ्यायला. गिऱ्हाइकाला सगळ्यात जास्त तीच जागा खुपते. "मिस्त्री, इथं फट राह्यली ना." राहिली नाही, ठेवली आहे, हे समजावण्यात माझी निम्मी जिंदगी गेली.

आणि टाइलला हात लावण्याआधी एक परीक्षा. पाण्यानं काठोकाठ भरलेला गंज, म्हणजे मोठं पातेलं, खोलीच्या मधोमध ठेवायचा आणि घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाला शेजारून चालायला लावायचं. पाणी सांडलं तर मजला अजून तयार नाही. हिंगणीला धरणाकडच्या बाजूला एकानं पर्यटकांसाठी लाकडी खांबांवर खोल्या उभारल्या होत्या, त्याला ही परीक्षा अपमानाची वाटली. "गंज कायले पायजे? हे पाह्य," म्हणून तो स्वतःच उडी मारून दाखवायला गेला आणि फळीतून गुडघ्यापर्यंत खाली उतरला. खालून त्याच्या बायकोचा आवाज आला, "कोनाचा पाय हाय हा?" तिथे मला फार बोलावं लागलं नाही.

सिंदी रेल्वे या गावच्या शेठजींचं काम मात्र वेगळं होतं. त्याबद्दल मी कधी कोणाला नीट सांगितलं नाही.

शेठजींचं दुकान खाली, घर मागे आणि दुकानाच्या बरोबर वर मोठी माडी. दुकान सरकी, गुरांची ढेप आणि बियाण्याचं. पूर्वी कापसाचा मोठा व्यवहार होता आणि माडीवर कापूस भरलेला असायचा. दुकानाच्या मध्यभागी, दाराकडे तोंड करून त्यांची गादी. पांढरी चादर, दोन लोड, समोर उतरत्या झाकणाची पेटी. दिवाळीची लक्ष्मीपूजा त्याच गादीवर व्हायची. शेठजींचे वडील तिथेच बसले, आजोबा तिथेच बसले. गिऱ्हाईक नसलं तरी शेठजी तिथून उठत नसत.

त्यांची सून श्रद्धा दातांची डॉक्टर. माहेर आर्वीचं. नवरा नागपूरला नोकरीला, शनिवारी रात्री यायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचा. ती नागपूरच्या एका दवाखान्यात कामाला होती, ते सोडून सिंदीत स्वतःचा दवाखाना काढायचं तिनं ठरवलं. दात दुखला की या भागातली माणसं लवंग चावत वर्ध्याची वाट धरतात, हे तिनं पाहिलं होतं. शेठजींची ना नव्हती, पण एक अट होती. सून गावात दुसरीकडे खोली घेऊन बसणार नाही. काय करायचं ते घरात, वरच्या माडीवर. नाहीतर नाही. आणि सारवलेल्या मातीवर दातांचा दवाखाना चालत नाही, म्हणून टाइल, म्हणून मी. थोडक्यात, तिचा दवाखाना होणार की नाही हे त्या मजल्यावर अवलंबून होतं.

शामरावांनी आणि मी फळ्या उचलल्या. फटींमधे जुना कापूस ठासून बसलेला होता, काळा पडलेला. मयाली निरोगी होत्या. उधई नाही, कूज नाही. पण मधली मयाल लांब होती आणि तिला पोक आलं होतं. फळ्या परत टाकून गंज ठेवला, शेठजींचा भरदार हमाल शेजारून गेला आणि पाणी बाहेर आलं. ठोकळे मारून पुन्हा पाहिलं. पुन्हा सांडलं, कमी, पण सांडलं. शामराव मयालीवर हात ठेवून म्हणाले, "हिले खालून टेकू पायजे."

खालून म्हणजे दुकानातून. मयालीच्या मध्याखाली एक लोखंडी खांब. मी ओळंबा सोडला. ओळंब्याचं टोक गादीवर, दोन लोडांच्या बरोबर मधे येऊन थांबलं.

शेठजींनी वर पाहिलं, मग ओळंब्याकडे पाहिलं. "हे काय हाय?"

मी सांगितलं, खांब इथं येईल, गादी चार हात सरकवावी लागेल.

"मिस्त्री, या माडीवर आमचा कापूस राह्यत होता. भिंतीले भिंत लावून, छतापर्यंत. तेव्हा नाई पडली माडी. आता दाताच्या एका खुर्चीनं पडते काय?"

हे मला सिंदीत नेहमी ऐकावं लागायचं. कापसाच्या व्यापाऱ्याला सगळं कापसाच्या वजनात कळतं. मी म्हटलं, शेठजी, पडणार नाही. माडी पडण्याचा प्रश्नच नाही. कापसाखाली ती दोन बोटं दबली तरी कापसाला कळलं नाही. फरशीला केसभर दबलेलं कळतं.

"गादी नाई हालणार," शेठजी म्हणाले. रागावून नाही, उद्या बाजार आहे असं सांगावं तसं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तू जिल्ह्यातला जुना मानूस. तुले बोलावलं ते काऊन? दुसरा कोनी असता तर मी सोताच नाई म्हटलं असतं. वरूनच कर काही. आन् श्रद्धाले हे खांबाचं बोलू नको. ते मनाले लावून घेईन."

इथं माझी चूक झाली. चूक फरशीत नव्हती, ती जिभेची होती. जिल्ह्यातला जुना माणूस म्हटल्यावर मी फुगलो. शामराव माझ्याकडे बघत होते, त्यांची नजर मी टाळली. मयालीच्या दोन्ही बाजूंना नवीन सागवानी फळ्या बोल्टनं जोडू, प्लाय दुहेरी करू, असं मी बोलून बसलो. ते सगळं केलंही. गंजातलं पाणी नंतर सांडलं नाही. फक्त थरथरलं. थरथरलं ते मी पाहिलं, शामरावांनी पाहिलं, आणि आम्ही दोघांनी गंज उचलून ठेवला.

टाइल बसवताना श्रद्धाताई रोज वर यायची. दाराशी उभी राहून विचारायची, "काका, पक्कं होईन ना?"

"पक्कं," मी म्हणायचो.

खरं सांगायचं तर ते काम माझ्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं होतं. पांढऱ्या टाइल, सांधे सुतात, कुठेही पोकळ आवाज नाही. खुर्ची आली. लोक आले. पहिल्या दिवशी शेठजींनी गादीवर बसल्या बसल्या पेढे वाटले. दवाखाना चालायला लागला. बाजाराच्या दिवशी जिन्यावर रांग असायची.

मग उन्हाळा आला. आमच्याकडचा उन्हाळा काय असतो ते सांगायला नको. लाकूड सुकलं. एका दुपारी एक किराणावाली मावशी खुर्चीत तोंड उघडून आडवी झाली होती, आणि खाली टाइल कट्कन वाजली. भिंतीपासून खुर्चीपर्यंत केसासारखी एक रेघ गेली. नुकसान एवढंच. पण मावशी उठली आणि तोंड तसंच उघडं ठेवून जिना उतरली. संध्याकाळपर्यंत सिंदीभर झालं, डॉक्टरीणबाईची माडी खचून राह्यली. माडी पडणार नाही हे मी शेठजींना सांगितलं होतं, पण गावाला कोण सांगणार? लोक जिन्यापर्यंत येत, वर बघत, आणि सुपारी कातरत निघून जात. आठ दिवसांत जिना रिकामा झाला.

मला आणि शामरावांना तिनंच फोन केला. आम्ही गेलो. ती खुर्चीशेजारी उभी होती, पांढरा कोट घातलेला, दवाखान्यात कोणी नाही. मी वाकून रेघेवर बोट फिरवलं. वीस शब्दांवाले शामराव नेमके तेव्हा बोलले.

"खांब लावला असता तर हे झालं नसतं."

"कोनता खांब?" तिनं विचारलं.

शामरावांना ते वाक्य गिळता आलं नाही. मग मीच सांगितलं. मयालीला टेकू लागत होता, तो गादीत येत होता, शेठजी नाही म्हणाले, तुला सांगू नको म्हणाले.

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. म्हणाली, "काका, मी रोज दारात येऊन तुमाले विचारत होती. पक्कं होईन ना, म्हनून. तुमी रोज पक्कं म्हनत होते."

"शेठजींनी शब्द घेतला होता, ताई."

"त्याईले शब्द देला, आन् मले?" ती म्हणाली. "मले सांगतलं असतं तर मी म्हटलं असतं, मामाजींची गादी नोका हालवू. खांबही नको, माडीही नको. मागचं ढेपेचं गोदाम द्या मले. खाली जमिनीवर हाय, म्हाताऱ्या मानसाले जिना चढा लागत नाई. वरची जागा देली म्हनून मी वरची घेतली. मले वाटलं दुसरं काही देता येत नसन."

आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. ती मामाजी म्हणाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण बरोबर गादीच्या वर उभे आहोत. लाकडी मजल्यातून आवाज सरळ खाली जातो. खाली पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला होता, ते बंद झाल्याचा आला नाही.

मी टाइल बदलून देतो म्हटलं. तिनं नको म्हटलं. आम्ही उतरलो तेव्हा शेठजी गादीवर बसून पेटीत बघत होते. "चहा घेऊन जा," एवढंच म्हणाले. आम्ही चहा घेतला नाही.

पंधरा दिवसांनी ऐकलं की तिनं वर्ध्याला एक खोली घेतली. खुर्ची तिकडे गेली. सकाळच्या गाडीनं जायची, संध्याकाळी यायची, मग येणंही कमी झालं. नवऱ्यानं नागपूरहून वर्ध्याला बदली मागितली असं कोणीतरी म्हणालं. घरात शेठजी आणि शेठाणी दोघंच उरली. मी माझी दुसरी कामं करत होतो. चांगली केली. पण कुठेही "पक्कं" म्हणताना जीभ अडखळायला लागली. त्याच वर्षी शामराव गेले. शेवटच्या भेटीत मी तो विषय काढला तर म्हणाले, "पानी थरथरलं होतं." बस.

दिवाळी होऊन गेल्यावर एक दिवस शेठजींचा फोन आला. "येजो एकदा." मी गेलो. गादी जागेवरच होती. पण शेठजी गादीवर नव्हते. मागच्या गोदामात उभे होते, धोतराला ढेपेची पूड लागलेली. गोदाम रिकामं होतं. सगळी पोती त्यांनी दुकानात आणून थापली होती, आणि दुकानात आता गादीपर्यंत जायला धड वाट उरली नव्हती.

"इथं किती दिवस लागन?" त्यांनी विचारलं.

खाली मातीची पक्की जमीन. मयाल नाही, कडी नाही, प्लाय नाही, बोर्ड नाही. साधं काम, कोणताही नवखा मिस्त्री करेल असं. मी म्हटलं, चार दिवस. आणि मग विचारलं, येणार आहे का ती?

"मले मालूम नाई," शेठजी म्हणाले. "मी इचारलं नाई. काय तोंडानं इचारू?" त्यांना दम लागला होता. पोती बहुतेक त्यांनी स्वतःच ओढली असावीत. "तू फरशी टाकून दे. मंग पाहू."

मी फीत काढली, माप घ्यायला वाकलो, आणि तसाच उठलो. शेठजींना म्हटलं, ताईचा नंबर लावून द्या. त्यांनी लावून दिला आणि दाराबाहेर जाऊन उभे राहिले. पण लांब गेले नाहीत.

मी तिला सांगितलं की गोदाम मोकळं झालं आहे, पोती मामाजींनी काढली आहेत. तू येशील का, हे मी विचारलं नाही. तो प्रश्न माझा नव्हता. माझा होता तेवढा विचारला. "ताई, माल कालवायच्या आधी विचारतो. खुर्ची कुठं ठेवायची? पाण्याची नळी कुठून आणायची? उजेड कोणत्या बाजूनं पाहिजे?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"हे मले त्या घरात पयल्यांदा कोनी इचारून राह्यलं, काका," ती म्हणाली. "थांबा. कागद घेते."

मी दाराकडे पाहिलं. शेठजी पाठमोरे उभे होते, आणि त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. मग वळून आत आले, माझ्या हातातल्या फितीचं दुसरं टोक घेतलं आणि ते धरून भिंतीशी जाऊन उभे राहिले.